गजाचें काम

'ऑर्केस्ट्रा' हा शब्द आमच्या बाजूला ज्या अर्थानें चालतो, तो अर्थ युरोपांतील एखाद्या संगीतज्ञास सांगितला तर त्याला हंसूं आवरणार नाहीं. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गांवांत (आतां त्यांना शहरें म्हणावयाचें) गणेशोत्सवाच्या दिवसांत चौकाचौकांत फलक लागतात : 'आज रात्रौ ऑर्केस्ट्रा'. त्या ऑर्केस्ट्रांत दोन गायक, एक गायिका, ढोलकीपासून विलायती ड्रमपर्यंत सर्व कांहीं बडविणारा एक कसबी तरुण, एखादा गिटारवाला, आणि सर्वांच्या मध्यभागीं, गाभाऱ्यांतील मूर्तीप्रमाणें, एक कीबोर्ड असतो. निवेदक असतो तो वेगळाच. त्याचे विनोद वडिलोपार्जित असतात. व्हायोलिन मात्र एकही नसतें. ज्या वाद्यावांचून युरोपांत ऑर्केस्ट्रा या शब्दाला अर्थच नाहीं, तें वाद्य आमच्या ऑर्केस्ट्रांत औषधालासुद्धां सांपडत नाहीं. आणि तरी व्हायोलिनांचा आवाज मात्र येत असतो. कीबोर्डवाला एक बटण दाबतो आणि एका बोटाखालीं वीस व्हायोलिनें जागीं होतात. उल्हासनगरच्या मालावरील 'यू. एस. ए.' या अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावण्याची जुनी थट्टा सर्वांना ठाऊक आहे. फाळणीनंतर सर्वस्व गमावून कल्याणच्या लष्करी छावणींत उतरलेल्या माणसांनीं, १९४९ सालीं नांव मिळालेल्या त्या नगरांत काय काय उभें केलें, हें ज्यानें पाहिलें आहे तो ती थट्टा आदरानेंच करील. परंतु त्या वीस व्हायोलिनांच्या बाबतींत ती आम्हांला हटकून आठवते. माल हुबेहूब आहे. फक्त जेथला म्हणून सांगतात तेथला नाहीं.

हा विषय आमच्या डोक्यांत शिरण्याचें निमित्त म्हणजे एक ध्वनिमुद्रिका. २००५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील क्रोनोस क्वार्टेट या चौघा तंतुवादकांच्या संचानें राहुल देव बर्मन यांच्या गीतांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. गायिका आशा भोसले. तबल्यावर झाकीर हुसेन. दोन व्हायोलिनें, एक व्हिओला आणि एक चेलो, अशा ज्या चौकडीसाठीं हायडन आणि बेथोव्हेन यांनीं आपलें अत्यंत अंतर्मुख संगीत लिहिलें, तिनेंच 'दम मारो दम' आणि 'महबूबा महबूबा' वाजवावें, ही गोष्ट ऐकतांच आमच्या परिचयाच्या कांहीं गृहस्थांना धर्म बुडाल्यासारखें वाटलें. तर दुसऱ्या कांहींना, आपल्या तरुणपणींच्या आवडीवर विलायती पंडितांनीं शिक्कामोर्तब केल्याचा आनंद झाला. आम्हांला हीं दोन्ही मतें सारखींच निरुपयोगी वाटतात. शिक्कामोर्तब करणें हें तहसीलदाराचें काम आहे, व्हायोलिनचें नव्हे. रॉक संगीत तंतुवाद्यांच्या हातीं गेल्यानें उच्च होत नाहीं आणि तंतुवाद्यें रॉकच्या संगतीनें बाटतही नाहींत. विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे, व तो आम्हांला एका वृद्ध वादकानें दाखवून दिला. त्यांच्याकडे वळण्यापूर्वीं बर्मनांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे.

बर्मनांना रॉक संगीतकार म्हणावें कीं नाहीं यावर वाद घालणारे खुशाल घालोत. १९३९ मध्यें जन्मलेल्या आणि १९९४ मध्यें निवर्तलेल्या या मनुष्यानें बंगालचें लोकसंगीत, लॅटिन अमेरिकेचे ठेके, आपले राग, यांपैकीं कशालाच परकें मानलें नाहीं. तथापि १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा' या चित्रपटांतील 'दम मारो दम'च्या आरंभीं भूपिंदर सिंग यांच्या गिटारीवर जी स्वरांची फेरी येते, ती ऐकल्यावर तिला दुसरें नांव सुचत नाहीं. आवाज कशांतून काढावा याबद्दल या गृहस्थाला कसलाच विधिनिषेध नसे. 'चुरा लिया है'मध्यें पेल्यावर चमचा किणकिणतो, 'महबूबा महबूबा'मध्यें अर्धवट भरलेल्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली जाते. आणि ती फुंकर घालणारे बासुदेव चक्रवर्ती हे मूळचे चेलोवादक, हें आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतें.

कारण मुंबईच्या त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत तंतुवाद्यें हमखास असत. गोव्यांतील चर्चच्या शाळांतून स्वरलिपि आणि व्हायोलिन शिकलेलीं मुलें मोठीं होऊन मुंबईस आलीं, आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा झालीं. त्यांतले अँथनी गोन्साल्विस हे तर मोठ्या आकांक्षेचे गृहस्थ. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९५८ सालीं त्यांनीं इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणांत, लता मंगेशकर व मन्ना डे यांना बरोबर घेऊन, रागांवर रचलेलें वृंदसंगीत सादर केलें. लोकांना त्यांचें नांव ठाऊक आहे तें मात्र 'अमर अकबर अँथनी'तील एका गमतीच्या गाण्यामुळें. बर्मनांच्या पदरीं चक्रवर्ती, सॅक्सोफोनवाले मनोहारी सिंग आणि आपले मारुतीराव कीर असे जिव्हाळ्याचे सहकारी होते. तेव्हां क्रोनोसनें बर्मनांच्या संगीतांत तंतुवाद्यें आणलीं असें म्हणणें म्हणजे कोंकणांत नारळ पाठविण्यासारखें आहे. तीं तेथें होतींच. प्रश्न एवढाच कीं तीं तेथें काय करीत होतीं.

अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका जुन्या चाळींत एक व्हायोलिनमास्तर राहतात. वय सत्तरीच्या पुढें. वडील तेथल्या आगपेट्यांच्या कारखान्यांत होते. पोरवयांत दादरच्या एका गोवेकर शिक्षकाकडे जाऊन मास्तर व्हायोलिन आणि स्वरलिपि शिकले, आणि ऐन विशींत चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत बसूं लागले. बसूं लागले म्हणजे तिसऱ्या रांगेंत. अंबरनाथ मुंबईपासून सुमारें ६० किलोमीटर. पहांटेची गाडी धरावयाची, दादरला ती बदलावयाची, आणि ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्यें नऊच्या ठोक्याला राळ लावलेला गज घेऊन तयार राहावयाचें. व्हायोलिनचें खोकें गर्दींत छातीशीं धरून ते उभे असत. "माणूस दबला तर चालेल, घोडी मोडतां कामा नये," असें ते अजून सांगतात. वाचकांपैकीं कोणाचा गैरसमज होऊं नये म्हणून सांगतों, घोडी म्हणजे व्हायोलिनच्या पोटावर तारा उचलून धरणारा तो लांकडी पूल. तिसऱ्या रांगेंतल्या मनुष्याचें नांव कोठेंही छापलेलें नसतें. अंबरनाथचें मंदिर १०६० सालचें. त्याच्या भिंतींवरील मूर्ति घडविणाऱ्यांचीं नांवें कोणाला ठाऊक आहेत? मास्तरांचें त्याबद्दल म्हणणें नाहीं. त्यांचें म्हणणें आहे तें पुढच्या काळाबद्दल.

ऐंशीच्या सुमारास हळूहळू, आणि नव्वदीनंतर झपाट्यानें, त्या रांगा विरळ झाल्या. प्रथम चाळिसांचे वीस झाले, विसांचे आठ झाले, आणि मग एके दिवशीं मास्तर पोहोंचले तों खोलींत एकटा कीबोर्ड होता. त्याच्या वादकानें अदबीनें उठून खुर्ची दिली, चहा मागविला, आणि मास्तरांच्या देखत मास्तरांचा भाग एका बोटानें वाजवून दाखविला. "चूक एकही नव्हती," मास्तर म्हणाले. "तेंच तर." त्यानंतर त्यांनीं एका कारखान्यांत हिशेब लिहिण्याची नोकरी धरली ती निवृत्तीपर्यंत केली. आतां रविवारीं चारपांच मुलांना शिकवितात. त्यांत आमची धाकटी कन्या एक. बदलापुराहून गाडीनें दहा मिनिटें. आम्ही तिला सोडावयास जातों आणि कोपऱ्यांत बसून राहतों. हें शिक्षण फार दिवस टिकेल असा रंग दिसत नव्हता. कन्येनें घरीं स्पष्ट सांगितलें होतें कीं दिवाळीनंतर व्हायोलिन बंद आणि गिटार सुरू. कारण विचारतां म्हणाली, "गिटारवर कांहीं तरी घडतं. व्हायोलिन नुसतं रडतं." तिच्याबरोबरीच्या तिघांचेंही मन तसेंच चळलेलें होतें. चौघें गेलीं असतीं तर मास्तरांची रविवारची शाळा मिटलीच असती.

तेव्हां क्रोनोसची ती ध्वनिमुद्रिका आम्हीं मास्तरांकडे नेली ती संगीतचर्चेसाठीं नव्हे, हें उघड आहे. त्यांनीं पहिला एक मिनिट तीनदां लावावयास सांगितला. मग विचारलें, "हे किती जण?" आम्ही म्हणालों, "चौघे. पण एकावर एक ध्वनिमुद्रणाचे थर चढवून त्यांनीं वृंद उभा केला आहे." "मग चौघांना प्रत्येकीं चौपट पैसे मिळाले असतील अशी आशा करूं," ते म्हणाले, आणि चौथ्यांदा लावावयास सांगितलें.

त्या दिवशीं त्यांनीं जें सांगितलें तें आम्हांला पुस्तकांतून कधींच उमगलें नसतें. चित्रपटगीतांत व्हायोलिनांचें नेहमींचें काम दोन प्रकारचें : मुखडा आणि अंतरा यांच्या मधल्या जागेंत एक झुळूक आणावयाची, आणि गायकाच्या मागें लांब सूर धरून ठेवावयाचे. "आम्ही पडदा होतों. नट पुढें, पडदा मागें. पडदा चांगला रंगवलेला असे, तें सोडा." येथें मात्र ड्रमचें काम गजाकडे दिलेलें आहे, गिटारीचें काम गजाकडे दिलेलें आहे, आणि जेथें सूर लांब आहे तेथेंही तो फुकट लांबलेला नाहीं. त्यांनीं व्हायोलिन उचललें व गजाच्या मुठीकडचा भाग तारांवर उभा आपटून दाखविला. सुराऐवजीं एक चाप निघाला, तबल्याच्या काठासारखा कोरडा. मग गज घोडीच्या अगदीं जवळ नेऊन दाबून ओढला. तारेचा गोडवा गेला आणि एक खरखरीत, कांठ तुटलेला आवाज आला; विजेच्या गिटारीचा आवाज मुद्दाम फाडतात, त्याची ही आजी शोभली असती.

आणि नंतर त्यांनीं जी गोष्ट दाखविली तिनें आम्ही खरोखर चकित झालों. रॉकच्या गिटारीचा सर्वांत आवडता स्वरमेळ म्हणजे षड्ज आणि पंचम, बस्स. गांधार त्यांत नाहींच, त्यामुळें तो शुद्ध कीं कोमल, प्रसन्न कीं खिन्न, हा प्रश्नच उद्भवत नाहीं. आपल्या घराघरांतील तंबोरा प-सा-सा-सा म्हणत जें गांभीर्य निर्माण करतो, तेंच हत्यार या लोकांनीं विजेला जोडून दणदणाटासाठीं वापरलें आहे. आणि व्हायोलिनच्या चार तारा मुळांतच एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर लावलेल्या असतात! शेजारच्या दोन मोकळ्या तारांवर एकदम गज ओढला कीं रॉकचा तो स्वरमेळ, बोट न लावतां, आपोआप निघतो. मास्तरांनीं तो ओढला. आमची कन्या तोंपर्यंत खिडकींतून बाहेर पाहत होती, ती वळली.

क्रोनोसनें हें एका दिवसांत केलें नाहीं हें येथें सांगावयास हवें. १९७३ पासून चालत आलेला हा संच पूर्वींपासूनच जिमी हेंड्रिक्सचें 'पर्पल हेझ' आपल्या मैफलींत वाजवीत आला, आणि २००० सालच्या एका संग्रहांत बर्मनांचें 'आज की रात' घेऊन त्यांनीं या वाटेवर पहिलें पाऊल टाकलें होतें. सगळींच गीतें साधलीं आहेत असें आम्ही म्हणणार नाहीं. 'मेरा कुछ सामान'सारखें बोलल्यासारखें चालणारें गीत चौकडीच्या शिस्तींत किंचित् अवघडून बसतें. परंतु सत्तरी ओलांडलेल्या आशाबाईंच्या आवाजाला त्या वादकांनीं उशी दिली नाहीं, तर सामना दिला, आणि त्या आवाजानें तो घेतला. या संग्रहांत 'एकटा देशलाई काठी ज्वालाओ' हें एक बंगाली गीत आहे. देशलाई काठी म्हणजे आगपेटींतील काडी. त्याचा अर्थ सांगितला तेव्हां आगपेट्यांच्या कारखान्यांत वाढलेले मास्तर जे हंसले ते आम्हीं त्यांना प्रथमच हंसतांना पाहिलें.

रॉक रचणाऱ्यानें तंतुवृंदाशीं घरोबा करण्याचे प्रयत्न पश्चिमेकडे पुष्कळ झाले. १९६९ च्या सप्टेंबरांत लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें डीप पर्पल या संचाचे जॉन लॉर्ड यांनीं रॉयल फिलहार्मोनिक वृंदाबरोबर आपली मोठी रचना सादर केली. संचालक माल्कम अर्नोल्ड. तिचा मान पहिलेपणाचा आहे, पण आम्हांला ती ऐकतांना नेहमीं वाटतें कीं दोन व्याही एका पंक्तीला बसले आहेत आणि आळीपाळीनें बोलत आहेत. एकमेकांशीं मात्र नव्हे. गंमत अशी कीं १९७० मध्यें तिची लिखित प्रत हरवली, आणि मार्को दे गोई या डच तरुणानें ध्वनिमुद्रण ऐकून ऐकून ती पुन्हां लिहून काढली. १९९९ मध्यें ती त्याच सभागृहांत परत वाजली. फ्रँक झॅपा याचा प्रकार याहून कडक. त्यानें १९८३ मध्यें स्वतःच्या खिशांतून पैसे भरून लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून आपलें संगीत ध्वनिमुद्रित करून घेतलें आणि वादनांतील चुकांबद्दल पुढें जाहीर कुरकुर केली. १९९२ मध्यें फ्रँकफुर्टच्या आन्साम्ब्ल मोडेर्न या संचानें मात्र त्याच्या रचनांची कसून तालीम केली, आणि मृत्यूच्या छायेंत असलेल्या त्या तिरसट माणसाला समाधान मिळालें. पैसे तेथेंही लागले, परंतु फरक पैशांचा नव्हता. झॅपानें प्रत्येक वादकाला कठीण काम दिलें होतें आणि दुसऱ्या संचानें तें काम मानलें.

यांच्या उलट बाजारांत जीं 'अमुक रॉक संचाचीं गीतें, भव्य वाद्यवृंदासह' अशीं मुद्रणें मिळतात, तीं ऐकून आम्हांला गुलाबजामाच्या पाकांत बुडविलेल्या भज्याची आठवण होते. भजें मऊ पडतें आणि पाक तेलकट होतो.

तथापि आमच्या मनाला सर्वांत जवळची वाटते ती एका पारशी मुलाची हकीकत, कारण ती पांचगणींतून जाते. १९४६ मध्यें झांझिबार येथें जन्मलेला फारुख बल्सारा पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत वसतिगृहांत राहून शिकला. तेथेंच पियानो शिकला आणि 'हेक्टिक्स' नांवाच्या पोरांच्या बँडमध्यें वाजवूं लागला. तोच पुढें क्वीन या संचाचा फ्रेडी मर्क्युरी. १९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त ऑपेराचा जो गजर आहे तो तिघां गायकांनीं आपलेच आवाज एकावर एक मुद्रित करून उभा केला. वाद्यवृंद असा नाहींच. ब्रायन मे आपल्या, वडिलांच्या मदतीनें घरीं बनविलेल्या गिटारीवर सहा पेन्सच्या नाण्यानें तारा छेडून कधीं पितळी वाद्यें, कधीं सनया यांचा भास निर्माण करी. आणि यंत्राची मदत नाहीं म्हणून हे लोक आपल्या प्रारंभींच्या मुद्रिकांवर 'सिंथेसायझर वापरलेला नाहीं' असें अभिमानानें छापीत. त्याच मर्क्युरीनें १९८८ मध्यें ऑपेराची थोर गायिका मोन्सेरात काबाये हिच्याबरोबर 'बार्सिलोना' हा संग्रह केला, तेव्हां मात्र वाद्यवृंदाच्या जागीं बहुतेक सर्वत्र माइक मोरान यांचीं कळफलकाचीं यंत्रेंच होतीं. जन्मभर ज्यानें मनांतल्या मनांत वृंद ऐकला, त्याला वृंदाची खरी गरज पडली तेव्हां ती यंत्रावर भागवावी लागली. १९९१ मध्यें तो वारला. आणि २०१२ मध्यें, तो जाऊन एकवीस वर्षें झाल्यावर, त्याचा आणि काबायेचा आवाज तसाच ठेवून, यंत्राचे स्वर काढून टाकून, प्रागच्या वाद्यवृंदाकडून सारें पुन्हां वाजवून घेण्यांत आलें.

ही हकीकत आम्हीं मास्तरांना सहज सांगितली. त्यांनीं गज खालीं ठेवला.

"यंत्र काढून माणसं बसवलीं?"

"होय."

"कुठल्या सालीं म्हणालांत?"

आम्हीं साल सांगितलें. त्यांनीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या कोपऱ्यांत, दुधाच्या हिशेबाशेजारीं, २०१२ असा आंकडा लिहून ठेवला. दोन्ही मुद्रणें आम्हीं पुढच्या रविवारीं त्यांना ऐकविलीं. त्यांचें मत असें पडलें कीं यंत्राच्या मुद्रणांत सर्व सूर एका क्षणीं सुरू होतात व एका क्षणीं थांबतात. माणसांच्या वृंदांत वीस गज एकाच क्षणीं कधींच पोहोंचत नाहींत, केसभर मागेंपुढें होतात, आणि ती जी कड फुटते तींतच रुंदी असते. "आम्ही त्याला चूक समजून आयुष्यभर लाजलों," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनीं चौघां मुलांसाठीं 'दम मारो दम' लिहावयास घेतलें. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या गणेशोत्सवांत तें वाजवावें असें ठरलें. अडचणी लगेच उभ्या राहिल्या. पहिली, गाण्याच्या नांवाची. गांजाच्या धुराचें गाणें गणपतीसमोर? एका मातु:श्रींनीं आपला मुलगा परत मागविण्याची तयारी केली. मास्तर शांतपणें म्हणाले कीं शब्द कोणी गाणार नाहीं, आणि दम म्हणाल तर तो दमसासांतला दम. गजाला तो लागतोच. दुसरी अडचण खरी होती. चौकडीला खालचा सूर हवा आणि साऱ्या बदलापुरांत आम्हांला चेलो मिळेना. उत्सवासाठीं ठरविलेल्या ऑर्केस्ट्राच्या कीबोर्डवाल्यानें खालचा भाग वाजविण्याची मनापासून तयारी दाखविली; त्याच्या यंत्रांत चेलोही होता. मास्तर नाहीं म्हणाले. मग त्यांनीं शेजारच्या भजनी मंडळाची पेटी मागविली. आम्हीं विचारलें, यंत्र चालत नाहीं आणि पेटी कशी चालते? "तिला निदान भाता हालवावा लागतो," असें उत्तर मिळालें.

गिटारीची ती आरंभींची फेरी त्यांनीं दुसऱ्या व्हायोलिनला दिली. पहिल्याला नव्हे. पहिल्याकडे गाण्याची चाल होती, आणि ती वाजविणाऱ्या मुलाला सुरुवातीस फार मोठेपणा वाटला. दोन रविवारांत त्याच्या लक्षांत आलें कीं सगळी मौज दुसरीकडे चालली आहे. दुसरें व्हायोलिन आमच्या कन्येकडे होतें. ती फेरी जी सुरू होते ती थांबत नाहीं. वरतीं काय वाटेल तें होवो, तिला तिथेंच, त्याच वजनानें, पुन्हां पुन्हां यावयाचें. घरीं आम्हीं ती इतकी ऐकली कीं खालच्या मजल्यावरील गृहस्थ जिन्यांत तीच शीळ घालूं लागले. तिसऱ्या आणि चौथ्या व्हायोलिनकडे चाप. राळेचा पांढरा धुरळा मुलांच्या कपड्यांवर बसे.

कार्यकारी मंडळापैकीं एका सद्गृहस्थांनीं आम्हांला बाजूला घेऊन सांगितलें, "मुलांना उगाच त्रास. कीबोर्डवाल्याला सांगितलं तर तो दोन मिनिटांत हेंच वाजवील, आणि बरं वाजवील." त्यांच्या म्हणण्यांत दुष्टपणा नव्हता, आणि खोटेंही कांहीं नव्हतें.

प्रत्यक्ष कार्यक्रमांत मुलें ठरल्यापेक्षां जलद निघालीं. चौथा एकदां चुकला आणि आठ मात्रा नुसता उभा राहिला. मास्तरांनीं पेटीवरून मान हालवून त्याला परत आंत घेतलें. तीनसाडेतीन मिनिटांचा मामला. टाळ्या झाल्या त्या मुलांचे आईबाप जितके होते तितक्या, आणि थोड्या जास्त. मध्यें एकदां व्यासपीठाच्या कडेला वाट पाहत बसलेल्या भाडोत्री ऑर्केस्ट्रांतील ड्रमवाल्यानें नकळत मांडीवर ठेका धरलेला आम्हांला दिसला. कार्यक्रम झाल्यावर कीबोर्डवाला तरुण मास्तरांकडे आला आणि हातानें लिहिलेले ते कागद बघूं का म्हणून विचारूं लागला. त्याला स्वरलिपि वाचतां येत नव्हती. उल्हासनगरच्या एका दुकानांत दिवसभर कीबोर्ड दुरुस्त करतां करतां तो कानानेंच सारें शिकला होता. मास्तरांनीं त्याला बसवून घेतलें. दोघे बराच वेळ एका रेघेवर बोट ठेवून बोलत होते. काय बोलत होते तें ध्वनिक्षेपकाच्या गदारोळांत आम्हांला ऐकूं आलें नाहीं.

मग मंडळानें मास्तरांचा सत्कार करण्यासाठीं शाल आणि नारळ आणला. मास्तरांनीं दोन्हीला नमस्कार केला आणि म्हणाले, "हें राहूं द्या. वादकांचं काय तें आज द्या." त्यांच्या काळीं ध्वनिमुद्रण संपलें कीं वादकानें रांगेनें जावें, पैसे मोजून घ्यावे आणि सही करावी असा शिरस्ता होता, उद्यां या, ही भाषा नव्हती. मंडळी क्षणभर गोंधळलीं. खजिनदारांनीं दोघातिघांशीं कुजबूज केली आणि खिशांतून ८०० रुपये काढले. मास्तरांनीं पिशवींतून एक जुनी हिशेबाची वही बाहेर काढली, पट्टीनें तीन रकाने आंखले, आणि मुलांना एकेक करून बोलाविलें. प्रत्येकाला दोनशें. पेटीवाल्याचें, म्हणजे स्वतःचें, नांव त्यांनीं शेवटीं लिहिलें आणि त्यापुढें रेघ मारली.

आमच्या कन्येची पाळी दुसरी आली. तिनें नोटा मोजल्या. मोजावयास त्यांनींच लावलें. मग तिनें सही केली. वाद्याच्या रकान्यांत मास्तरांनीं आपल्या हातानें, हिशेबनीसाच्या ठळक अक्षरांत लिहिलें : 'व्हायोलिन, दुसरें.'